सुलतानची शर्यत

शर्यतीच्या कुत्र्याला मी रोज मोटारसायकलवर बसवून घरी आणत होतो. माझी चूक एवढीच.

सुलतान कारवानी जातीचा, म्हणजे नुसत्या फासळ्या आणि पाय. इंदापूरच्या तात्यांनी, माझ्या सासऱ्यांनी, तो पिल्लू असताना दिला होता. अट एकच : यंदाच्या जत्रेत नीट पळाला नाही, तर कुत्रं परत नेणार. घरात सगळ्यांचा त्याच्यावर जीव, म्हणून सराव मी अंगावर घेतला. पहाटे कालव्याच्या रस्त्यानं मी गाडीवर पुढं, सुलतान मागं. कारखान्याचं धुराडं दिसलं की परत फिरायचं. त्याची धाप बघून मला दया यायची (चहाचीही वेळ झालेली असायची), मग त्याला पेट्रोलच्या टाकीवर बसवायचा. पुढंपुढं तर गाडी जरा हळू केली की साहेब आपणहून उडी मारून बसायचे. मला कोण कौतुक!

माझी बायको मंदा म्हणाली, "त्याला पळाय शिकवताय का गाडीवर बसाय?"

हिला शर्यतीतलं काय कळतंय, असं मी म्हणालो. मनात.

आता आमच्याकडं शर्यतीत गोणपाटाचा ससा करतात आणि दोरीनं मोटारसायकलला बांधतात. गाडीमागं ससा, सशामागं कुत्री. हे मला लहानपणापासून माहीत होतं. डोक्यात शिरलं मात्र जत्रेच्या दिवशी, कोऱ्हाळ्याच्या माळावर.

झेंडा पडला. सुलताननं सगळ्यांना मागं टाकलं. माईकवाला त्याच्या नावानं घसा फोडत होता आणि मी दिसेल त्याला सांगत होतो, आपलाच हाय म्हणून. सुलताननं ससा गाठला. मग सशाला ओलांडून पुढं गेला. तिथं मला घाम फुटला.

काय भानगड आहे म्हणून गाडीवाल्यानं मागं बघितलं आणि गाडी हळू केली. नेमकं तेच करायला नको होतं! सुलतान टाकीवर, गाडीवाला शेजारच्या उसात, आणि मागून आलेल्या कुत्र्यांनी सशाच्या चिंध्या केल्या. गाडीवाल्याला खरचटलंसुद्धा नाही, पण उसातून शिव्या मात्र बराच वेळ येत होत्या. सुलतान आडव्या गाडीवर बसून, घरी कधी जायचं म्हणून, माझ्याकडं बघत होता.

तात्या सावकाश चालत आले. मंदाच्या डोळ्यांत पाणी होतं, हसून हसून. मी सुलतानचा पट्टा गच्च धरला.

"तात्या, त्याला नेऊ नका. चूक माझी हाय."

तात्यांनी सुलतानचे पाय चाचपले, पाठीवरून हात फिरवला.

"कुत्र्यात काय खोट न्हाय, जावईबापू. त्याला ऱ्हाऊ द्या हितंच. मी पोरीला घिऊन जातो."