लाल फडकं

खुर्सीपारच्या आमच्या मिस्त्रींना बोनेट उघडण्याआधी एक काम असतं. किल्ली स्वतःच्या खिशात टाकायची आणि स्टिअरिंगला लाल फडकं बांधायचं. स्टील प्लांटमधून रिटायर झाले, पण दुरुस्तीला बंद ठेवलेलं मशीन कुणी चालू करू नये म्हणून त्यावर लाल कापड लावायची सवय सुटली नाही. अंगणात चिटपाखरू नसलं तरी बांधणारच. मला हसू यायचं.

परवा माझी जुनी डिझेल गाडी त्यांच्याकडे नेली. हवेच्या पाइपात तेल साचत होतं आणि दुसऱ्या गॅरेजवाल्यानं सांगितलं होतं, टर्बो गेला, गाडी विकून टाका. मिस्त्रींनी पाइप काढला, टर्बोची दांडी बोटांनी हलवून पाहिली. मग इंजिनाची वाफ जाते ती नळी काढून तोंडानं फुंकली. हवा पलीकडे निघेना.

"टर्बो मस्त हाये. हे नळी चोक झाली, म्हणून तेल पाइपात जाऊन राहिलं. कावून घाबरता?"

माझा जीव भांड्यात पडला. नळी साफ होऊन बसताच मी घाईनं ते फडकं सोडायला गेलो.

"हात नोका लावू!" ते ओरडले. "ज्यानं बांधलं त्यानंच सोडायचं."

मी मागे सरलो. त्यांनी हात पुसले, उजव्या हाताच्या उरलेल्या तीन बोटांनी गाठ सोडली आणि किल्ली माझ्या हातावर ठेवली.

"आता मारा सेल्फ."