घरचा उतारा

ज्या वर्षी आमच्या सहकारी कारखान्यात साखरेचा एक दाणा तयार झाला नाही, त्या वर्षी ती आमच्या घरात तयार झाली.

मी त्या कारखान्याच्या प्रयोगशाळेत होतो. उसाचा रस तपासायचा आणि त्यातून साखर किती निघेल ते सांगायचं, हे माझं काम. आमच्या धंद्यात त्याला 'उतारा' म्हणतात. पण पावसानं सलग दडी मारली, होता तो ऊस जनावरांच्या पोटात गेला आणि गाळप बंद! आता बिनकामाचा केमिस्ट घरात बसला की तो फार वाईट. तो प्रत्येक गोष्ट हुंगून बघतो.

त्यात कमलला, म्हणजे माझ्या बायकोला, दिवस गेलेले. लग्नाला बरीच वर्षं झाल्यावर, सगळ्यांनी आशा सोडल्यावर! तिच्या माहेरच्या विहिरीत बेडूकसुद्धा उरला नव्हता, म्हणून बाळंतपण आमच्याकडंच करायचं ठरलं. मी मूळचाच उतावळा. कमल शिंकली तरी मी चपला घालून दारात उभा! या पोराला काही होता कामा नये, एवढं एकच माझ्या डोक्यात रात्रंदिवस फिरत होतं.

घरात तिसरी माझी आई. ती दिवसभर पाणी प्यायची. तांब्यावर तांब्या!

"आई, टँकर एक दिवसाआड येतोय. जरा जपून!"

"आरं, तहानच लई लागती. म्या काय करू? ऊन का कमी हाय?"

मग मी तिला पाण्याच्या काटकसरीवर भाषण द्यायचो. शिवाय त्या उन्हाळ्यात आमच्या मोरीत मुंग्यांची रांग लागलेली असायची. मी शेजारणीला छाती फुगवून सांगायचो, "साखर कारखान्याच्या माणसाचं घर हे. मुंग्या येणारच!" (कारखाना बंद होऊन वर्ष होत आलं होतं. पण अभिमान कुठं बंद पडतो?)

नळदुर्गच्या डॉक्टरीणबाईंनी सांगितलं, "उद्या सकाळची पहिली लघवी स्वच्छ बाटलीत घेऊन या. तपासू." मी बाटली तीनदा उकळून घेतली. दुसऱ्या दिवशी पहाटे टँकरचा भोंगा वाजला आणि आख्खी गल्ली घागरी घेऊन धावली. मीही धावलो. परत आलो तर कमल गाढ झोपलेली. रात्रभर पाठ दुखत होती, बिचारीचा नुकताच डोळा लागलेला. बाटली आईनंच फडक्यात गुंडाळून माझ्या हातात दिली आणि म्हणाली, "जा बिगीबिगी."

एस.टी. चुकली म्हणून हायवेला ट्रकला हात केला. ड्रायव्हर गप्पिष्ट निघाला. माझ्या मांडीवरच्या बाटलीकडं बघून म्हणाला, "क्या जी, शहद है क्या?"

आता काय सांगणार? मी म्हणालो, "हां."

"अस्सल है? जरा चखाव ना!"

नळदुर्ग येईपर्यंत मी ती बाटली सदऱ्याच्या आत धरून बसलो होतो. तो मला कंजूस म्हणाला. म्हणू दे!

डॉक्टरीणबाईंनी परीक्षानळीत निळं औषध घेतलं, त्यात बाटलीतले थेंब टाकले आणि नळी दिव्यावर धरली. निळ्याचं हिरवं झालं, हिरव्याचं पिवळं, आणि पिवळ्याचं बघता बघता विटकरी! त्यांच्या कपाळावर आठी.

"साखर आहे. भरपूर आहे."

"उतारा किती?" माझ्या तोंडून निघून गेलं.

"कसला उतारा?"

"म्हणजे शंभराला किती?"

"अहो, ती तुमची बायको आहे, उसाची मोळी नव्हे!" त्या कडाडल्या. मग शांतपणे सांगितलं, की गरोदरपणात काहींना साखर होते. गोड बंद, भात कमी, आणि बाळंतपण घरी मुळीच करायचं नाही. आईच्या रक्तात साखर जास्त असली की पोटातलं बाळ त्या साखरेला सरावतं. जन्मल्यावर ती एकदम तुटते आणि बाळाचीच साखर खाली जाते. बाळ गळून जातं, झटकेही येऊ शकतात.

घरी आलो तो ओरडतच, "आई! उतारा लई निघाला गं!"

हे भिंतीपलीकडं शेवंताकाकूंनी ऐकलं. आमच्या या शेजारणीचे कान रेडिओपेक्षा तेज. पाच मिनिटांत त्या सुपात लिंबू, भाकरीचा तुकडा आणि गुलाल घेऊन हजर!

"उतारा म्हणलास न्हवं? म्या आणला बघ. तिन्हीसांजंला चौकात ठिवू. कुणाची नजर लागली म्हणायची पोरीला?"

"काकू, नजर नाही, साखर!"

"आरं देवा, कुणी साखरंतनं घातलं काय?"

एरवी आईनं काकूंना सुपासकट बाहेर काढलं असतं. त्या दिवशी ती चुलीपुढं बसून नुसती लाकडं पुढं-मागं करत राहिली. मला वाटलं, सुनेच्या काळजीनं गप झाली.

आणि मग मी कामाला लागलो! गुळाचा डबा माळ्यावर. साखर शेजारी. माझ्या मामांनी कमलला डोहाळ्याचे म्हणून कुंथलगिरीचे पेढे आणले होते, ते मी तिच्या डोळ्यांदेखत काकूंच्या पदरात टाकले.

"अहो, नुसता वास तरी घेऊ द्या," कमल म्हणाली.

"वासातनंही जाते!" (हे मी कुठल्या शास्त्राच्या आधारावर बोललो, देव जाणे.)

काही आठवड्यांनी तिचं रक्त सोलापूरला पाठवलं. साखर एकदम व्यवस्थित! झालं, मी अंगणात पाय ठेवला तो डॉक्टर होऊनच. पारावर बसून पथ्य सांगू लागलो. "कमलची साखर मी उतरवली," असं जळकोटच्या बाजारात अनोळखी माणसाला अडवून सांगितलं. आई दोनदा माझ्याजवळ येऊन उभी राहिली. "आरं, जरा एक बोलायचं हुतं…" दोन्ही वेळा मी तिला मेथीचं महत्त्व समजावलं.

डॉक्टरीणबाई मात्र बधल्या नाहीत. "एकदा एवढी दिसलीय, मी धोका पत्करणार नाही." म्हणून कमल नळदुर्गला त्यांच्याच दवाखान्यात बाळंत झाली. मुलगी झाली! गोरीपान, मुठी आवळून जगाशी भांडायच्या तयारीत. मला हसू की रडू कळेना. तेवढ्यात बाईंनी सुई काढली, तिच्या टाचेला टोचली आणि रक्ताचा थेंब कागदाच्या एका पट्टीवर घेतला. पोरीनं जो टाहो फोडला! तिला काही झालं तर कमलला तोंड कसं दाखवू?

पट्टीचा रंग बघून बाई म्हणाल्या, "आत्ता ठीक आहे. लगेच अंगावर पाजा. थोड्या वेळानं पुन्हा टोचू, मग पुन्हा."

बाईंनी पोरीची ती इवलीशी टाच दुसऱ्यांदा हातात धरली आणि माझी आई मधे पडली.

"थांबा! लेकराला टोचू नका! ती साखर माझी हाय!"

"कसली साखर?" बाईंनी विचारलं.

"बाटलीतली! टँकरचा भोंगा वाजला, म्या घागरीला धावले, पदर लागून कमलनं भरल्याली बाटली लवंडली. ती रातभर तळमळून नुकतीच निजलेली. म्हणलं कशाला उठवू? म्या भरली. बाईमाणसाचंच हाय न्हवं! मला काय ठावं त्यात एवढं बघतेत म्हणून?"

"आई! मग सांगितलं का नाहीस?"

"कवा सांगू? तू मला बोलू दिलंस? आन् तू तर तालुक्याला सांगत सुटलास! सुनंचं म्हणून माझं मूत समद्या बाजारात फिरवलंस!"

पोरगीसुद्धा रडायची थांबली.

"आजी, हात पुढं करा," बाई म्हणाल्या.

"माझा? माझं काय बाळंतपण हाय?"

बाईंनी तिचं बोट टोचलं आणि पट्टी गडद निळी झाली; या पट्टीवर निळं जितकं गडद, तितकी साखर जास्त. पार गडद! बाईंनी एकेक विचारायला सुरुवात केली. "तहान फार लागते?" आई माझ्याकडं बघून हळूच म्हणाली, "लागती." "लघवीला सारखं उठावं लागतं?" "व्हय." "मोरीत मुंग्या लागतात?"

मी छताकडं बघू लागलो. ती तहानेनं कासावीस होत होती आणि मी तिला काटकसर शिकवत होतो! लाजेनं मेल्यासारखं झालं. मी आईचा हात धरला. ती म्हणाली, "आरं सोड, लेकराकडं बघ आधी."

औषधं लिहून दिल्यावर बाई कमलकडं वळल्या. "तुम्हाला कधीच काही नव्हतं. हवं ते खा."

"पेढा," कमल म्हणाली. ती माझ्याकडं अशी बघत होती, की मी एक किलो आणायचं मनात ठरवूनही टाकलं.

मग डॉक्टरीणबाईंनी चष्मा काढला आणि मला फार शांतपणे विचारलं, "तुम्ही कारखान्यात नेमकं काय करता म्हणालात?"

"साखर… साखर कशात किती आहे ते ओळखतो," मी म्हणालो. "पण सध्या कारखाना बंद आहे."

"उसावाचून बंद पडलाय, मॅडम," कमल खाटेवरून म्हणाली. "असं आपलं हेच सांगतेत."