थर्मासातले थंड दूध आणि सरांचा प्रचार

ऐंशीच्या दशकात आमच्या शाळेचे निवृत्त मुख्याध्यापक विधानसभेला अपक्ष म्हणून उभे राहिले. त्या प्रचारात माझ्याकडे एकच जबाबदारी होती: थर्मास सांभाळणे. मुंबईतल्या मरोळच्या चाळींत उमेदवार दारी आला की त्याला चहा पाजल्याशिवाय कोणी सोडत नसे, आणि सरांना आम्लपित्ताचा जुना त्रास. पहिल्याच संध्याकाळी ते आडवे झाले. दुसऱ्या दिवशी त्यांच्या पत्नीने थर्मासात थंड दूध भरून तो माझ्या खांद्याला अडकवला आणि बजावले, "चहाचा थेंब घेतलात तर दोघांनाही घरात घेणार नाही."

युक्ती छान चालली. कोकणातल्या मंडळींच्या चाळींत सर हात जोडून "चहा नको, ताई" म्हणत आणि थर्मासाच्या झाकणातून दोन घोट दूध घेत. "मास्तर अजून दुधावरच आहेत रे," असे म्हणत लोक हसत आणि आम्हाला पुढे जाऊ देत. मलाही त्या कामाची गोडी लागली होती.

मग एका रविवारी सकाळी आम्ही औद्योगिक वसाहतीमागच्या बौद्ध वस्तीत गेलो. पहिल्याच घरी एका मावशींनी खुर्ची पुसून दिली आणि ठेवणीतल्या कपबशीतून चहा आणला. सरांनी सवयीने हात जोडले, "चहा नको, ताई." मीही सवयीने झाकण भरून पुढे केले. सर प्यायले.

दारात जमलेल्या बायका आत डोकावल्या.

"चहा नको, की आमच्या घरचा नको?" मावशींनी विचारले.

ज्यांच्या आजोबांच्या ओंजळीत गावाकडे लांबून पाणी ओतले जाई, त्यांच्या घरात आम्ही स्वतःच्या भांड्यातून प्यायलो होतो. सरांचा चेहरा उतरला. त्यांना मतांची काळजी नव्हती. या वस्तीतली किती तरी मुले त्यांच्या हाताखाली शिकली होती. ती सगळी घरे आता परकी होऊ पाहत होती.

"चुकलं माझं," ते म्हणाले. "पोट जळतं म्हणून घेत नाही. पण हा कप घेणार." त्यांनी अर्धा कप एका दमात संपवला आणि छातीवर हात दाबला.

मावशींनी कप काढून घेतला. "आधी सांगायचं ना पोटाचं. इथेच आडवे झालात तर बोल माझ्यावर येईल." मग माझ्याकडे वळून, "ए, आण तो थर्मास."

त्यांनी आपल्या घरच्या पेल्यात दूध ओतले, वर थोडी साखर घातली. सरांनी ते मुकाट्याने संपवले.

"आणि तू रे? तुझंपण पोट बिघडलंय?"

"नाही."

"मग हा घे, पी."

चहात आले भरपूर होते. त्या वस्तीच्या तोंडाशी असलेल्या थांब्यावरून मी कित्येक वर्षे बस पकडत होतो, पण आतल्या घरी बसून चहा घेण्याची ती माझी पहिलीच वेळ. सरांच्या हातून निदान चूक तरी घडली. चूक घडावी इतकाही मी कधी आत गेलो नव्हतो.

त्यानंतर मावशीच आमच्या पुढे चालू लागल्या. दारोदार त्यांचा पुकारा सुरू झाला, "चहा टाकू नका गं, सरांच्या पोटाची वाट लागलीय. नुसता पेला द्या." प्रत्येक घरी नवा पेला, त्यात घोटभर दूध. थर्मास आटला तेव्हा कोणीतरी जाऊन दूध आणले. बायका हसून बेजार झाल्या, आणि सरही.

"मत देणार ना, ताई?" निघताना सरांनी विचारले.

"ते बघू."

सर पडले. निकालानंतर आभार मानायला आम्ही पुन्हा त्या घरी गेलो. मावशींनी दारातच सांगून टाकले, "मी मत दुसऱ्याला दिलं, सर. खोटं कशाला बोलू?"

"चालेल," सर म्हणाले. "पण आज मी दूध आणलेलं नाही."

"मग ताक देते. बसा."

आम्ही बसलो.