जेवल्यावर घ्यायची गोळी

डॉक्टर म्हणाले, "शरीरानं किडनी नाकारली." किडनी माझी होती. पंचेचाळीस वर्षांच्या संसारात त्या बाईनं मला एकदा नाकारलं नाही, रुसून माहेरी गेली नाही, आणि हा माणूस फाईल मिटता मिटता मला सांगतो, नाकारली. बायको तेव्हा आत खाटेवर होती म्हणून मी गप्प बसलो. आता ती नाही. आता कुणासाठी गप्प बसू?

मी शिकलेला नव्हे. चौथीनंतर निपाणीत तंबाखूच्या वखारीत शिरलो तो म्हातारा होऊनच बाहेर पडलो. पण सांगितलेलं काम सांगितल्यासारखं करायचं, एवढं येतं. बायकोला ते माझ्यापेक्षा जास्त यायचं. तिथंच घात झाला.

बेळगावच्या दवाखान्यातनं सोडलं त्या दिवशी नर्सबाईनं चार घरांच्या माणसांना व्हरांड्यात उभं करून शिकवलं. शिकवलं म्हणजे एका हातात चित्रांचा तक्ता, दुसऱ्या हातात वाजणारा फोन. मास्क लावा, बाहेरचं खाऊ नका, शेणात हात घालू नका. नवी किडनी अंगाला परकी वाटू नये म्हणून ह्या गोळ्या, जन्मभर, जेवल्यावर. हे तिनं कानडीत सांगितलं, मराठीत सांगितलं. दोन्ही आम्हाला चांगलं कळतं. प्रत्येकाला सात वारांच्या सात खणांची एक डबी दिली. "समजलं न्हवं, अज्जा?" चारी घरांनी माना हलवल्या. मी सही केली.

ऑपरेशनच्या आधी बायकोनं यल्लम्माला बोलून ठेवलं होतं, नवऱ्याची किडनी लागू पडू दे, मंगळवार-शुक्रवार धरीन. लागू पडली. नळीतनं पहिली लघवी आली तेव्हा ती लहान पोरीगत हसली होती. मग उपास सुरू झाले. दिवसभर एखादं केळं, चहा, शेंगदाण्याचा लाडू. हे काही जेवण नव्हे. आणि गोळी तर जेवल्यावरची.

"अवं, आज जेवण न्हाई, मग गोळीबी न्हाई न्हवं?"

"उपाशी पोटी कशी घेशील? पोटात आग पडंल."

हे मी म्हणालो. मीच.

डबीतले ते दोन खण ती रिकामे ठेवायची. रिकामे तरी कशाला, म्हणून त्यात यल्लम्माचा भंडारा भरला. तपासणीला गेलं की डॉक्टर विचारायचे, "गोळ्या वेळेवर घेतेस का, आक्का?" ती म्हणायची, "व्हय, जेवल्यावर. एकबी चुकवत न्हाई." खोटं कुणीच बोललं नाही. उपास धरतेस का, हेही कुणी विचारलं नाही. ह्या मुलखातली बाई, कपाळाला भंडारा लावून समोर बसलेली, आणि विचारलं नाही!

पायाला सूज आली तेव्हा डॉक्टरांनी डबी उघडून बघितली. "हळद? अडाणी लोक!" बायकोला पुन्हा रक्त धुवायच्या मशीनवर घातलं. मग छातीत ताप शिरला आणि सगळं संपलं.

एक किडनी राहिलेल्या माणसानंही वर्षातनं एकदा तपासून घ्यायचं असतं. गेल्या महिन्यात गेलो. तोच व्हरांडा, तीच बाई, तोच तक्ता. पुढ्यात खानापूरकडची एक तरणी सून, नवी किडनी घातलेली, शेजारी नवरा. "जेवल्यावर," बाई म्हणाली. दोघांनी माना हलवल्या. माझं डोकं फिरलं.

"पोरी, उपास कुठल्या वारी धरतीस?"

"अज्जा, तुम्ही तिकडं बसा, नंबर आला की हाक मारते," नर्सबाई म्हणाली.

"बसतो की. तिला बोलू दे आधी."

"सोमवार," पोरगी म्हणाली, "आणि संकष्टी."

"मग त्या दिवशी गोळी?"

तिनं नवऱ्याकडं बघितलं. "जेवणच न्हाई, मग गोळी कशी घ्यायची, आजोबा?"

मी खिशातनं डबी काढून नर्सबाईच्या तक्त्यावर आपटली. दोन खण अजून पिवळे आहेत. धुतले नाहीत, धुणारही नाही. "ह्यो बघ तुझा धडा! आमच्या घरात असा वाचला."

"लोकांनी विचारायला पाहिजे न्हवं, अज्जा..."

"काय विचारायचं हे ठावं असतं तर तुझ्याकडं कशाला आलो असतो?"

मग बाईच्या तोंडातनंच काढून घेतलं, उपासालाही गोळी घ्यायची, एक वेळ चुकवायची नाही, फार तर आधी केळं खायचं. आणि त्या पोरीकडनं मी वदवून घेतलं.

"सोमवारी गोळी?"

"घ्यायची."

"संकष्टीला?"

"घ्यायची, आजोबा."

"देव कोपला तर?"

तिचा नवरा म्हणाला, "कोपंना का. मी देईन गोळी."

एवढंच मी उपासाच्या त्या पहिल्या मंगळवारी बायकोला बोललो असतो तर. मी तिच्या उपासाला केळी आणायला गेलो होतो.