धुऱ्यावर थांबलेल्या गायी

पुलगाव स्टेशनवर उतरले तेव्हा सकाळचे सात वाजले होते आणि धुक्यात फलाटाचं दुसरं टोक दिसत नव्हतं. साताऱ्याकडे आम्हा दहा-बारा बायकांची दुभती जनावरं आहेत. गवत आणि बरसीम (मेथीसारखं तीन पानांचं चाऱ्याचं पीक) एकत्र पेरलेलं कुरण आम्हालाही करायचं होतं. इथल्या सुमनताईंनी ते केलं होतं, म्हणून इतक्या लांब आले. ओळख फोनवरचीच.

नाचणगाव मागे टाकून ऑटो कच्च्या रस्त्याला लागला. चालकाने विचारलं, "कोनाकडं जाऊन राह्यल्या?" मी नाव सांगितलं. "ते हिरवं वावर?" एवढंच तो म्हणाला आणि वावराच्या (शेताच्या) बऱ्याच अलीकडे मला उतरवून परत फिरला.

कुरण पाहून मी थबकले. आजूबाजूला कपाशीच्या वाळल्या पऱ्हाट्या, आणि मधोमध जई (ओट), मारवेल गवत आणि बरसीम गुडघाभर माजलेलं. त्याच्या धुऱ्यावर (बांधावर) नऊ पांढऱ्या गवळाऊ गायी एका ओळीत उभ्या होत्या. ना कुंपण, ना दावं. एकही गाय आत तोंड घालत नव्हती. धुकं त्यांच्या अंगाशी मिसळलं होतं. फक्त काळे डोळे दिसत होते.

"नाई जात त्या आत," मागून येऊन सुमनताई म्हणाल्या. पन्नाशीच्या, सडपातळ, हळू बोलणाऱ्या. "दोन वर्सं झाले. तवा निरं बरसीम पेरलं होतं. अशाच दवाच्या सकाळी गायी उपाशीपोटी घुसल्या. पोटं ढोलावानी फुगले. चार गेल्या. मंग मी गवत मिसळून पेरलं. आता काई होत नाई. पन त्याइले कोन सांगावं? मीच कापून आनून घालते."

"या सगळ्या तेव्हाच्याच?"

"पाच तवाच्या. बाकीच्या चौघी तं मंग जन्मल्या."

त्या चहा ठेवायला झोपडीकडे गेल्या. मी धुऱ्यावर एकटीच राहिले. चारा समोर असून गायी आत जात नाहीत, हे मला पटेना; थोड्याने काय होतंय, असं वाटलं. काठाला बियाण्यासाठी राखलेला निव्वळ बरसीमचा पट्टा होता, कोवळा, दवाने भिजलेला. त्यातला एक कवळा (कवेत मावेल इतका चारा) उपटून मी मैना नावाच्या कालवडीपुढे धरला. ती मागे सरली. मी चुचकारलं. शेवटी तिने जीभ लावली, मग आत उतरून पट्ट्यातच अधाशासारखी खात सुटली. मला जिंकल्यासारखं वाटलं.

अर्ध्या तासात तिची डावी कूस वर आली. ती धापा टाकत गुडघ्यांवर बसली.

सुमनताई धावत आल्या. "काय खाऊ घातलं तिले?" मी सांगितलं. त्यांनी कडुलिंबाची जाड काडी तिच्या तोंडात आडवी बांधली, बांबूच्या नळीने जवसाचं तेल पाजलं, आणि आम्ही दोघींनी ओढून तिला पुढचे पाय उंच धुऱ्यावर येतील अशी उभी केली. मी कूस चोळत होते. कातडी नगाऱ्यासारखी ताणलेली होती. फोन करून बोलावलेले डॉक्टर देवळीहून निघाले होते.

तेव्हा माझं लक्ष गायींकडे गेलं. आठही जणी माना खाली घालून बघत होत्या, पण मैनाकडे नाही. कुरणाच्या पार मध्यावर, जिथे नुसतं गवत डोलत होतं.

"काय पाहतायत त्या?"

सुमनताईंनी वरही पाहिलं नाही. "तिथंच मरून पडल्या होत्या त्या चौघी."

बऱ्याच वेळाने, डॉक्टर पोचायच्या आधीच, मैनाने मोठी ढेकर दिली. कूस हाताखाली सैल पडली. सुमनताईंनी तिच्या तोंडातली काडी सोडली.

"काऊन नेलं तिले आत?" त्यांनी शांतपणे कारण विचारलं. मी मैनाची कूस चोळत राहिले. दुपारी त्यांनी भाकर आणि सोल्यांची (ओल्या तुरीच्या दाण्यांची) भाजी वाढली.

घरी पोचल्यावर आठवड्याने फोन केला. मैना बरी होती, चांगली खात होती. "पन आता," सुमनताई म्हणाल्या, "ते बी धुऱ्यावर उभी राह्यते. मधातच पाह्यते."

आमचं कुरण उगवलं आहे. बायका विचारतात तेव्हा मी गवत किती, बरसीम किती ते सांगते. आधी सुका चारा, दव वाळू द्या, हेही सांगते. आणि एखादी गाय बांधावर थांबली तर तिला ओढू नका, म्हणते.