लोटाच्या बायकोची कविता
बरणीतलं मीठ दमट झालं की मला तेलंगणातल्या उटनूरजवळचं पत्र्याचं प्रार्थनाघर आठवतं. पिकाबद्दल देवाचे आभार मानायच्या उपासनेला लोकांनी नवा कापूस आणून ठेवला होता. धरणात गाव गेलेली एक बाई स्वतः रचलेली कविता म्हणत होती, जळतं गाव वळून पाहिलं म्हणून मिठाचा खांब झालेल्या, बायबलातल्या लोटाच्या बायकोवर. “दूध चुलीवर राह्यलं होतं तिचं,” अशी ओळ आली तसं उपासना चालवणाऱ्या पाळकांनी हलकेच थांबवलं, “बाई, देवानं वळू नका म्हटलं होतं.” ती म्हणाली, “मालूम हाये. मी बी वळून पाह्यलं होतं. मंग मी काऊन नाई झाली मिठाची?”  पाळक म्हणाले, “पहिल्यापासून म्हणा.” परवा राहतं घर कायमचं सोडताना मीही वळून पाहिलं, गालावरून ओघळलेलं तेवढंच मीठ ओठांना लागलं.