बारीक नळीतलं मेण

जाम गावाजवळच्या आमच्या मलमाच्या कारखान्यात माल तपासणारा माणूस स्वस्थ बसलेला मी सहसा पाहिला नाही. सारखा गुडघा हलवतो, पेनचं टोपण काढतो, लावतो. पण मलमात घालायचं मेण किती अंशाला वितळतं, हे बघायला बसला की त्याचा गुडघा थांबतो. काचेच्या बारीक नळीत मेण भरायचं, नळी दोऱ्यानं थर्मामीटरला बांधायची, पाण्यात सोडून पाणी हळूहळू तापवायचं. त्याआधी भरलेल्या नळ्या तो रात्रभर कँटीनच्या फ्रिजमध्ये ठेवतो, दह्याच्या गंजामागे.

त्या दिवशी मेणाचा ट्रक फाटकात उभा होता आणि ड्रायव्हर हॉर्न वाजवत होता. गोदाम माझ्याकडे.

"आजच सांगून टाका ना भाऊ," मी म्हणालो.

"नाई म्हणजे, नळीतलं मेण आताच गोठलं. त्याले रातभर ठेवा लागते, नाई त आकडा कमीच दाखवते."

मी हटलो नाही. शेवटी त्यानं एक नळी तपासली. आकडा कमी आला आणि मी ट्रक परत पाठवला.

बाकीच्या नळ्या त्यानं तरीही फ्रिजमध्ये ठेवल्या होत्या. सकाळी त्यातलं मेण अगदी हव्या त्या अंशाला वितळलं. म्हणजे माल चांगला होता. साहेबांसमोर बसून त्यानं वहीत लिहिलं, 'घाई झाली. चूक माझी.' शेजारच्या खुर्चीत मी बसलो होतो. लिहून होईपर्यंत त्याचा गुडघा हलला नाही. माझाच हलत होता.